शेअर जोडणं हे माणसाचं काम नाही

लिनक्सच्या डेस्कटॉपवर नेटवर्कवरचा शेअर आपोआप जोडून घ्यायचा आहे, असं कुणी म्हटलं की जाणत्या मंडळींचं उत्तर ठरलेलं असतं. आपोआपच्या भानगडीत पडू नका. लागेल तेव्हा फाइल मॅनेजर उघडा, शेअरवर क्लिक करा, पासवर्ड टाका, काम झालं की शेअर सोडा. सर्व्हर बंद असेल तर मशीन अडकून पडतं, रॅन्समवेअरला आयतं दार मिळतं, पासवर्ड डिस्कवर लिहून ठेवावा लागतो, आणि सगळं क्लाउडवर गेलेलं असताना शेअर हवेत कुणाला, अशी कारणंही हाताशी असतात. ही मंडळी अनुभवाने बोलतात. अडकलेली मशीनं त्यांनी पाहिलेली असतात. तरीही त्यांचा सल्ला चुकीचा आहे, आणि तो पाळून लोकांच्या फायली जातात, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

माझं म्हणणं असं आहे की शेअर जोडण्याची जबाबदारी यंत्रावरच असली पाहिजे, आणि यंत्राने तो नेमका तेव्हा जोडावा जेव्हा कुणीतरी त्या फोल्डरला हात लावेल. मशीन सुरू होताना जोडायचा नाही, लॉगिन होताना जोडायचा नाही. वापर झाला, काही मिनिटं कुणी फिरकलं नाही, की सोडून द्यायचा.

विरोधकांचा पहिला घोळ इथेच होतो. ‘आपोआप’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर एफएसटॅबमधली, म्हणजे काय कुठे जोडायचं ते लिहिलेल्या फाइलमधली, जुनी साधी नोंद येते. त्या नोंदीमुळे शेअर बूट होतानाच जोडला जातो, म्हणजे जोडायचा प्रयत्न होतो. हा प्रकार वाईट आहे, यावर आमचं एकमत आहे. आपल्याकडच्या कुठल्याही लहान ऑफिसात वीज गेल्यानंतर काय होतं ते बघा. वीज परत येते, राउटर, नेटवर्कवरून फायली पुरवणारा नॅस आणि डेस्कटॉप एकाच क्षणी जागे होतात. डेस्कटॉपमध्ये एसएसडी असते, तो काही सेकंदांत लॉगिनच्या पडद्यावर येतो. राउटरला त्याहून जास्त वेळ लागतो. नॅसमधल्या फिरत्या डिस्कना वेग घ्यायला, त्यांची तपासणी व्हायला, शेअर पुरवणारं सांबा सुरू व्हायला तर मिनिटंच्या मिनिटं जातात. डेस्कटॉपने शेअर मागितला तेव्हा देणारा अजून उठलेलाच नसतो. मशीन सुरू होतानाची कामं सांभाळणारं सिस्टमडी ठरलेल्या मुदतीपर्यंत, सहसा ९० सेकंद, वाट पाहतं आणि नोंद अपयशी ठरवून पुढे जातं. पाच मिनिटांनी नॅस तयार होतो, पण आता त्याच्याकडे कुणी काही मागायला येत नाही.

आणि इथून खरा अनर्थ सुरू होतो. शेअर जोडायची जागा म्हणजे स्थानिक डिस्कवरचाच एक रिकामा फोल्डर असतो. शेअर जोडला गेला की त्या फोल्डरवर नॅसमधला मजकूर दिसतो. जोडला गेला नाही तर फोल्डर तिथेच राहतो, नाव तेच, वाटही तीच. त्यात लिहिता येत असेल तर फाइल बिनतक्रार लिहिली जाते, स्थानिक डिस्कवर. एका छपाईच्या ऑफिसात मी हे जवळून पाहिलं आहे. छपाईला जाणाऱ्या पीडीएफ रात्री एका स्क्रिप्टने नॅसवर जात, निदान तसं सगळे समजत होते. मग एक दिवस डेस्कटॉपची डिस्क भरल्याची सूचना आली. कोणता फोल्डर किती जागा खातो ते मोजलं, तर मोठं काहीच सापडेना. बेरीज आणि भरलेली जागा जुळेना. कारण त्या वेळी शेअर व्यवस्थित जोडलेला होता आणि त्याच्याखाली स्थानिक फायली झाकल्या गेल्या होत्या. रूटची डिस्क दुसऱ्या एका फोल्डरवर बाइंड करून पाहिली तेव्हा त्या दिसल्या: ज्या ज्या रात्री शेअर जोडला गेला नव्हता, त्या त्या रात्रीच्या पीडीएफ तिथे निमूट पडून होत्या. नॅसवर त्यांचा मागमूस नव्हता, आणि बॅकअप नॅसचा निघत होता.

उलट दिशेने हाच प्रकार आणखी घातक होतो. नॅसवरचा मजकूर स्थानिक बाह्य डिस्कवर आरसिंकने उतरवायचा आणि मूळ ठिकाणी नसलेल्या फायली प्रतीतूनही पुसायच्या, अशी आज्ञा पुष्कळ ठिकाणी रात्री चालते. शेअर जोडलेला नसला की आरसिंकला मूळ ठिकाणी रिकामा फोल्डर दिसतो. रिकामा फोल्डर ही चूक नव्हे, त्यामुळे ते थांबत नाही. सांगितल्याबरहुकूम प्रतीतलं सगळं पुसून टाकतं.

हाताने जोडा म्हणणारे इथे टाळी वाजवतील: बघा, आपोआपचा हा परिणाम! पण हाताने जोडल्याने हे भोक बुजतं का? रात्री दोनला चालणाऱ्या बॅकअपसाठी क्लिक कोण करणार? सकाळी आलेला ऑपरेटर घाईत शेअर जोडायला विसरला आणि काल वापरलेल्या वाटेवरच सेव्ह करून मोकळा झाला, तर? शेअर कर्नलमार्फत जोडायचा असेल तर फोल्डर तसाच रिकामा असतो, सेव्ह तसंच यशस्वी होतं. जोडण्याचं काम विसरणाऱ्या प्राण्याकडे सोपवायचं आणि विसरल्यास कुठलीही एरर येणार नाही अशी व्यवस्था करायची, याला सुरक्षित पद्धत म्हणता येत नाही.

गरजेच्या क्षणी जोडणाऱ्या ऑटोमाउंटमध्ये हे भोकच राहत नाही. त्या फोल्डरच्या जागी कर्नल स्वतः पहारा बसवतं. एखाद्या प्रोग्रॅमने त्या वाटेवर पाऊल टाकलं की कर्नल त्याला तिथेच थांबवून धरतं, सिस्टमडीला किंवा ऑटोएफएसच्या डीमनला निरोप देतं, तिकडून शेअर जोडला जातो आणि थांबलेला प्रोग्रॅम पुढे चालू लागतो. मधे काही घडलं याचा त्याला पत्ताही नसतो. शेअर जोडता आला नाही, तर प्रोग्रॅमला एरर मिळते. रिकामा फोल्डर मिळत नाही. पीडीएफची स्क्रिप्ट तिथे थांबते, आरसिंक तिथे थांबतं आणि काही पुसत नाही, ऑपरेटरसमोर सेव्ह न झाल्याचा संदेश येतो. एवढा एकच फायदा असता तरी मी ऑटोमाउंटच्या बाजूने उभा राहिलो असतो.

शिवाय ही कल्पना काल-परवाची नाही. सनच्या वर्कस्टेशनांवर १९८४ नंतर एनएफएस ही शेअर वाटण्याची पद्धत रुजली आणि मशीनं एकमेकांच्या डिस्क जोडून घेऊ लागली. त्यातलं एक मशीन बंद पडलं की त्याच्याकडे मागणी करणारी बाकीचीही सुरू होताना खोळंबत. टॉम लायन यांनी सनमध्ये लिहिलेलं ऑटोमाउंटचं सॉफ्टवेअर १९८८ मध्ये सनओएस ४.० बरोबर आलं, ते याच जाचातून सुटण्यासाठी. पुढच्या वर्षी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात जॅन-सायमन पेंड्री यांनी ‘एएमडी’ लिहिलं. लिनक्सच्या कर्नलसाठी एच. पीटर अन्विन यांनी ऑटोएफएस आणलं, आणि २०१० मध्ये लेनार्ट पोटरिंग व के सीव्हर्स यांचं सिस्टमडी पुढे आलं तेव्हा त्याने कर्नलमधली तीच सोय वापरली. सर्व्हर बंद असेल तर मशीन अडकतं, हा आक्षेप ऑटोमाउंटविरुद्ध मांडणारे रोगाचं नाव सांगून औषधाला नावं ठेवत आहेत.

अडकण्याबद्दल मात्र पूर्ण खरं सांगायला हवं, कारण ऑटोमाउंटचे कैवारीही इथे अर्धंच बोलतात. ऑटोमाउंटमुळे सुरू होतानाचा खोळंबा जातो. पण शेअर जोडलेला असताना, फाइल उघडी असताना सर्व्हर गायब झाला, तर अडकायला होतंच. एनएफएसची मूळ रीत ‘हार्ड’ आहे: उत्तर येईपर्यंत विचारत राहायचं. अशा वेळी मोकळी जागा दाखवणारी साधी आज्ञासुद्धा गोठून बसते. २००८ च्या २.६.२५ कर्नलपासून अशी अडकलेली प्रक्रिया निदान ठार तरी करता येते. त्याआधी पुष्कळदा मशीन बंद करून सुरू करावं लागे. यावर ‘सॉफ्ट’ पर्याय वापरा असं सर्रास सांगितलं जातं. लिहिण्याचं काम असलेल्या शेअरवर ते करू नका. मुदत संपली की सॉफ्ट जोडणी एरर देऊन हात झटकते, आणि एरर न तपासणारा प्रोग्रॅम अर्धवट फाइल पूर्ण समजून पुढे जातो. एनएफएसच्या मॅन्युअलमध्ये हा इशारा स्पष्ट शब्दांत दिलेला आहे.

हाताने जोडलेल्या शेअरचं काय होतं? कर्नलमार्फत जोडला असेल तर तो अगदी असाच अडकतो. फरक असलाच तर उलटा आहे: हाताने जोडलेला शेअर दिवसभर जोडलेलाच राहतो, कारण काम झाल्यावर तो सोडणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. ऑटोमाउंट पाच-दहा मिनिटांच्या शांततेनंतर तो आपणहून सोडतं, म्हणजे लॅपटॉप बंद करून घरी निघताना शेअर बहुतेक वेळा सुटलेला असतो. सिस्टमडीत ही मुदत नोंदीत मुद्दाम लिहावी लागते. लिहिली नाही तर शेअर कधीच सुटत नाही आणि मग लोक म्हणतात, ऑटोमाउंट करूनही अडकतंच. फाइल मॅनेजरची खिडकी त्या फोल्डरवर उघडी ठेवली तरी शेअर बहुधा सुटत नाही. वायफाय बदलण्याआधी शेअर सोडून देणारी छोटी स्क्रिप्ट नेटवर्कमॅनेजरच्या डिस्पॅचरमध्ये ठेवली तर उरलेली बरीचशी डोकेदुखी जाते.

आता क्लिकबद्दल. फाइल मॅनेजरमधून जोडलेला शेअर हा खरा जोडलेला शेअर असतो, अशी समजूत पसरली आहे. गनोममध्ये २००८ पासून हे काम जीव्हीएफएस करतं. गनोमची पद्धत पाळणाऱ्या प्रोग्रॅमना तो शेअर सुरेख दिसतो. बाकीच्यांसाठी त्याची एक सावली फ्यूजमार्फत उभी केली जाते. ती कुठे असते ते एकदा टर्मिनलमध्ये जाऊन बघाच. ‘रन’ फोल्डरमध्ये ‘यूजर’, त्यात १००० असा तुमचा वापरकर्ता क्रमांक, त्यात ‘जीव्हीएफएस’, आणि त्याच्या आत ‘एसएमबी-शेअर’ने सुरू होणारं, विसर्गासारखी दोन टिंबं, बरोबरची चिन्हं आणि स्वल्पविराम पोटात घेतलेलं लांबलचक नाव. अवतरणात न घालता हे नाव स्क्रिप्टमध्ये लिहिणाऱ्यांचे हाल मी पाहिले आहेत.

पण नाव लांब आहे ही तक्रार किरकोळ. वाट स्थिर नाही, हे दुखणं मोठं आहे. डार्कटेबलसारखा फोटोंचा प्रोग्रॅम प्रत्येक फोटोची पूर्ण वाट आपल्या डेटाबेसमध्ये लिहून ठेवतो. आज सर्व्हरचं नाव टाकून शेअर उघडला आणि उद्या आयपी पत्ता टाकून, तर जीव्हीएफएसची वाट बदलते आणि डार्कटेबलला सगळे फोटो हरवलेले दिसतात. लघुचित्रांच्या जागी कवट्या येतात. दुसऱ्या वापरकर्त्याचा क्रमांक १००१ असेल तर त्याची वाट आणखी वेगळी. लॉगआउट केलं की शेअर गेला, म्हणजे रात्रीच्या कामांचा प्रश्न पुन्हा तिथेच. केडीईची केआयओ पद्धतही बराच काळ लंगडी होती: तिला न ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला फाइल द्यायची तर तिची तात्पुरती प्रत काढली जाई, आणि बदललेली प्रत परत चढवायची का असं नंतर विचारलं जाई. २०२० मध्ये केआयओ-फ्यूज आलं तेव्हा ही स्थिती सुधारली. पाहुण्याच्या शेअरवरून एखादी फाइल उचलायला या सोयी उत्तम आहेत. रोजचं काम ज्या फोल्डरवर चालतं त्याची वाट मात्र कायम तीच राहिली पाहिजे.

सुरक्षेचा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो, आणि नेमका तोच सर्वांत ढिलाईने मांडला जातो. ऑटोमाउंट असेल तर रॅन्समवेअरला शेअरपर्यंत पोचता येतं, हे खरं आहे. रॅन्समवेअर फोल्डर चाळायला गेलं की कर्नल त्याच्यासाठीही शेअर जोडून देईल. पण हाताने जोडलेला शेअर सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघडाच असतो, आणि पासवर्डच्या खिडकीत ‘कायमचं लक्षात ठेवा’ यावर लोकांनी खूण केलेली असते. तुमच्या नावाने चालणाऱ्या दुष्ट प्रोग्रॅमला दोन्हीकडे सारखंच मिळतं. क्लिक करायला लावून सुरक्षा वाढत नाही, सुरक्षा वाढल्याचा समज तेवढा वाढतो. बचाव सर्व्हरवर करायचा असतो: झेडएफएस किंवा बीटीआरएफएसवर ठरावीक वेळाने स्नॅपशॉट घ्यायचे, ते पुसण्याचा अधिकार डेस्कटॉपवरच्या खात्याला द्यायचा नाही, जुन्या कामांचा शेअर फक्त वाचण्यापुरता ठेवायचा. हे केलेलं असेल तर रॅन्समवेअरने शेअर खराब केला तरी कालचा स्नॅपशॉट शाबूत असतो. केलेलं नसेल, तर शेअर कसाही जोडा, धोका तेवढाच.

मे २०१७ मधल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरचा दाखला इथे हमखास दिला जातो. तो मशीनांवरून मशीनांवर पसरला तो विंडोजमधल्या एसएमबी या शेअर वाटण्याच्या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीतल्या त्रुटीमुळे. कुणी शेअर जोडून ठेवला होता का नव्हता, याने त्या प्रसाराला फरक पडत नव्हता. त्याच वर्षी लिनक्सच्या ४.१३ कर्नलने ती पहिली आवृत्ती मूळ निवडीतून काढून टाकली. तेव्हा अनेकांचे जुने नॅस जोडले जाईनासे झाले आणि त्यांनी एफएसटॅबमध्ये आवृत्ती १.० असं हाताने लिहून काम भागवलं. त्या नोंदी आजही पुष्कळ मशीनांवर आहेत. सुरक्षेची कळकळ असेल तर त्या शोधून काढा, आणि जो नॅस त्याशिवाय चालत नाही तो बदला.

पासवर्डच्या आक्षेपाला उत्तर थोडक्यात. एफएसटॅब कुणालाही वाचता येते, तिथे पासवर्ड लिहायचाच नाही. तो वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचा, मालकी रूटची आणि परवानगी ६००. डिस्क चोरीला जाण्याची भीती असेल तर पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करायची, आणि ते शेअर नसतानाही करायचं. इथे विरोधकांचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे. एकाच मशीनवर अनेक जण आपापल्या खात्याने बसत असतील, तर रूटने एका पासवर्डवर जोडलेला शेअर सर्वांना एकाच ओळखीने दिसतो, आणि कुणी काय पुसलं ते कळत नाही. जिथे प्रत्येकाची ओळख वेगळी पटवणारं कर्बरोस आहे तिथे यावर चोख उत्तर आहे. लहान ऑफिसात ते नसतं. अशा मशीनवर लॉगिनच्याच पासवर्डने शेअर जोडणारं पॅम-माउंट बरं. पण घरचा डेस्कटॉप आणि एकेकाचा लॅपटॉप यांना ही अडचण लागू नाही, आणि सल्ला तर सरसकट सगळ्यांना दिला जातो.

क्लाउडने शेअर संपवले असं म्हणणाऱ्यांनी एक साधा हिशेब करावा. लग्नाच्या शूटचे १०० जीबी फोटो-व्हिडिओ गिगाबिट नेटवर्कवरून नॅसवर जायला साधारण पंधरा मिनिटं लागतात. अपलोडचा वेग १०० एमबीपीएस असलेल्या चांगल्या ब्रॉडबँडवरून तेच चढवायला दोन तासांच्या वर जातात, आणि दुसऱ्या मशीनवर काम करायचं तर पुन्हा उतरवायचे. ब्रॉडबँड बंद असेल तर तेवढंही नाही.

शेवटचा आक्षेप असा की हे सगळं सामान्य माणसाला जमणारं नाही. हा आक्षेप योग्य आहे, पण त्याचा रोख चुकला आहे. दोष ऑटोमाउंटचा नाही, डेस्कटॉप बनवणाऱ्यांचा आहे. विंडोजमध्ये नेटवर्क ड्राइव्ह जोडताना ‘पुढच्या वेळी पुन्हा जोडा’ अशी खूण करायची जागा वर्षानुवर्षं आहे. गनोमच्या डिस्क्स प्रोग्रॅममध्ये स्थानिक डिस्कसाठी एफएसटॅबची नोंद खिडकीतून करता येते. शेअरसाठी तशी खिडकी तिथे नाही. कर्नलमध्ये ऑटोएफएस आहे, सिस्टमडी आहे, परवानगी विचारायला पोलकिट आहे. पासवर्डच्या खिडकीत ‘या शेअरला कायमची जागा द्या आणि वापरताना जोडा’ एवढा एक पर्याय दिला तरी पुरे. गनोम, केडीई, सिनॅमन यांपैकी कुणीतरी तो आधी आणावा, बाकीचे मागून येतील.

तोवर जाणत्यांनी, म्हणजे आज हाताने जोडा असं सांगणाऱ्यांनीच, दुसऱ्याच्या मशीनवर बसून ही नोंद करून द्यावी. एफएसटॅबमध्ये शेअरच्या ओळीत ‘नोऑटो’, ‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’, निष्क्रियतेची मुदत आणि जोडण्याची मुदत घालायची. एसएमबी असेल तर वापरकर्त्याचा क्रमांकही द्यायचा, नाहीतर सगळ्या फायली रूटच्या दिसतात आणि लिहिता येत नाही. मग सिस्टमडीला नोंदी नव्याने वाचायला लावून ऑटोमाउंट सुरू करायचं, आणि उठण्याआधी शेअर सुटलेला असताना नेटवर्कची केबल काढून फोल्डर उघडून बघायचा. एरर आली पाहिजे. रिकामा फोल्डर दिसला, तर नोंद पुन्हा तपासायची.